दिवस किती, बाळंतपणं किती

आमच्या मॅडमना 'डिलिव्हरी' हा शब्द खपत नसे. डिलिव्हरी कुरिअरवाला करतो, बाई बाळंत होते, असं त्या आल्यागेल्याला सुनावत. एखादा उतावीळ नवरा दवाखान्याच्या दारातून "झाली का डिलिव्हरी?" असं विचारता झाला, की मॅडम आतून ओरडून सांगत, पार्सल काही आलेलं नाही, पण तुझी बायको बाळंत झाली आहे, हात धुऊन ये. तो बिचारा आधी गोंधळायचा आणि मग निमूट नळाकडे जायचा.

बोरीत त्यांचं लहानसं प्रसूतिगृह होतं. खाली दवाखाना, वर त्या एकट्या राहत. जन्म सेलू तालुक्यातल्या खेड्यातला. शिकायला पार कुठं कुठं जाऊन आल्या, पण बोली मात्र जशी नेली तशी परत आणली. पांढऱ्या कोटाच्या एका खिशात स्टेथोस्कोप आणि दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. बाईला जोराच्या कळा येत असताना या शेजारी उभ्या राहून शांतपणे शेंगदाणे चघळायच्या. नव्या माणसाला ते बघून राग यायचा. जुन्यांना ठाऊक होतं, की मॅडमचं तोंड चालू आहे तोवर सगळं ठीक आहे. तोंड थांबलं की घाबरायचं.

त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर "राहून गेलं" म्हणत, दळण आणायचं राहून गेलं म्हणावं तितक्या सहज.

मी परभणीला नर्सिंग केलेलं, लग्न होऊन बोरीत आलेले. मॅडमना नर्स हवी आहे असं कळलं म्हणून गेले. त्यांनी माझे कागद बघितलेच नाहीत. समोर बसवलं, मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "सांग तुझं." मी अनुभव सांगायला लागले. "नोकरीचं न्हाई. तुझं सांग." मी म्हटलं, माझं काही नाही, मूलबाळ नाही.

"मूल हाय का न्हाई हे मी विचारलंच न्हाई. दिवस कितीदा गेले?"

हा प्रश्न मला कुणी विचारलेला नव्हता. एकदा, मी म्हटलं. आठवा महिना लागला होता. पोटातच गेलं. मुलगी होती. आमच्या घरी त्याला पोट पडलं म्हणतात, असंही मी सांगितलं, कारण त्या शब्दाची मला सवय झाली होती.

मॅडमचं तोंड थांबलं. "आठव्या महिन्यात पडत न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "आठव्या महिन्यात जन्मतं. कळा दिल्यास ना? दूध आलं व्हतं ना? मग तू बाळंत झालीस. दिवस एक, बाळंतपण एक. माझ्या दवाखान्यात 'माझं काही न्हाई' म्हणायचं न्हाई."

दूध आलं होतं. ओढणीनं छाती घट्ट बांधून ते जिरवलं होतं. मला बाळंतीण कुणी म्हटलं नाही, शेक-शेगडी नाही, कानाला रुमाल नाही, डिंकाचा लाडू नाही. चार दिवसांनी मी भाकरी थापायला बसले होते. तेव्हा रडले नव्हते इतकी मी त्या दिवशी मॅडमच्या टेबलासमोर रडले, हातात शेंगदाणे धरून. मॅडमनी माझं रडणं संपू दिलं आणि उद्यापासून ये म्हणाल्या.

आम्हाला शिकताना हे सगळं इंग्रजी अक्षरांत शिकवलं होतं. जी म्हणजे ग्रॅविडा, गर्भ कितीदा राहिला. पी म्हणजे पॅरा, बाळंतपणं किती झाली. ए म्हणजे अबॉर्शन, एल म्हणजे जिवंत मुलं. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मॅडमनी त्याचं बोरीच्या बोलीत रूपांतर करून टाकलं होतं: दिवस, बाळंतपण, पडलेलं, हयात. सात महिन्यांच्या आत गेलं तर पडलेलं. त्यापुढे गेलं तर ते बाळंतपण, मग लेकरू रडो की न रडो. आणि दिवस मात्र सगळे मोजायचे, एकही सोडायचा नाही. बाईला "किती लेकरं?" असं विचारणाऱ्या नर्सला त्या पुन्हा दाराबाहेर पाठवून नव्यानं आत यायला लावत. मी दोनदा गेले आहे.

या मोजणीवरून भांडणंही होत. एका जुळ्यांच्या आईनं मोठाच तंटा काढला. मॅडमनी तिचं 'बाळंतपण एक, हयात दोन' असं सांगितलं, तर ती ऐकेना. दोनदा जीव गेला माझा, एक कसं धरता, म्हणे. मॅडमनी खूप समजावलं, की जुळं असो की तिळं, बाळंतपण एकच धरायचं, सगळ्या जगात असंच धरतात. बाई म्हणाली, जग बाळंत झालं होतं का? नियम मोडता येईना म्हणून त्यांनी तिला आपल्या पदरची खारीक देऊन घरी लावून दिलं.

हळूहळू गावानं ही भाषा उचलली. आमचा जनरेटर चालू करताना नुसता धडधडून बंद पडायचा, तेव्हा वॉचमन म्हणायचा, कळा लय हायत, बाळंतपण न्हाई. दुबार पेरणी केलेला शेतकरी पारावर सांगायचा, यंदा सोयाबीनचे दिवस दोन, हयात अर्धं. मॅडमच्या मांजरीचा तर हिशेबच राहिला नव्हता, तिच्या बाबतीत त्यांनी हात टेकले होते.

शेवटची पाळी कधी आली, हा दुसरा कळीचा प्रश्न. बाळंतपणाची तारीख त्यावरून काढायची. आमच्याकडे तारीख कुणी सांगत नाही. पोखर्णीच्या नरसिंहाच्या जत्रेला जायचं ठरलं आणि नेमकी बाहेर बसले, असं एक सांगे. दुसरी म्हणे, भीमजयंतीच्या मिरवणुकीत नाचून घरी आले त्या रात्री. तिसरीची तूर कापायला आलेली असे. हे सगळं पंचांग मॅडमच्या डोक्यात होतं. एकदा एकीनं सांगितलं, देवगाव फाट्यावर रस्त्याला डांबर टाकत होते, वासानं मळमळलं, त्याच्या आदल्या दिवशी. मॅडमनी तिथल्या ओळखीच्या चहावाल्याला फोन लावला आणि डांबर कधी पडलं ते विचारलं. त्यानं काय समजून सांगितलं देव जाणे, पण तारीख बरोबर निघाली. बाळ झाल्यावर मॅडमनी पेढे त्या चहावाल्याला पाठवले.

सुनेसोबत सासू येणारच. आणि सासूसमोर सून खरं बोलत नाही. यावर मॅडमचा इलाज म्हणजे वजनकाटा. तो त्यांनी मुद्दाम बाहेरच्या ओसरीवर ठेवला होता. सासू आत आली की मॅडम गंभीर चेहरा करून म्हणत, तुमची तब्येत मला बरी दिसत न्हाई, आधी तुमचं वजन करून या. सासूला बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात तिची चौकशी झालेली असायची. मी तिला काट्यावर उभी करायची, मग खाली उतरवून चप्पल काढायला सांगून पुन्हा उभी करायची, मग बीपी. तोवर आत सुनेचं बोलून झालेलं असायचं. तिनं जे सांगितलं ते मॅडमच्या पोटात राही. घरच्यांपर्यंत त्यातलं अक्षर गेलं नाही.

या काट्यावरच्या सासवा पुढे पुढे आपलंही सांगायला लागल्या. मी बीपीचा पट्टा बांधत असताना एखादी बोटांवर मोजत बसायची, दिवस किती, त्यातलं पडलं किती. काही म्हाताऱ्या तर सून नसताना एकट्याच येऊ लागल्या. पाळी जाऊन युग लोटलेलं, पण आपलं मोजून घ्यायचंय म्हणत. मॅडम त्यांनाही आत घेऊन दार लावत. या वयात त्यांना त्याचं काय करायचंय, असं मी एकदा विचारलं. मॅडम म्हणाल्या, पोटात धरलं व्हतं तिनं, कुणी तरी मोजाया नको?

आता त्यांच्या पायाबद्दल सांगायला हवं. मॅडम पायाळू होत्या, म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेल्या. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घ्यावी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. तेव्हा बाळंतपणाच्या बायकांच्या ओळीत शेवटी दोन-तीन वाकलेले गडी कायम बसलेले असत. मॅडम सगळ्या बायका तपासून झाल्या की डाव्या पायातली चप्पल काढायच्या, गड्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायच्या आणि कमरेला पाय लावायच्या. लाथ कसली, पायानं दार लोटावं तेवढंच. फी नाही, पण मलम आणि गोळ्या घ्याव्याच लागत. लाथ पण घे, गोळी पण घे, कशानं बरा झालास ते विचारू नको, असा त्यांचा नियम होता. या दोन्हीतलं खरं औषध कोणतं, असं मी विचारल्यावर त्यांनी मला शेंगदाणे दिले.

पायाळूवर वीज पडते, असंही म्हणतात. मॅडम याला हसत. अडाणीपणा नुसता, म्हणत. मात्र आभाळ गडगडायला लागलं, की त्यांना औषधांच्या खोलीत हमखास काहीतरी मोजायचं असे. त्या खोलीला खिडकी नव्हती. पावसाळ्यात आमच्या औषधांचा साठा जिल्ह्यात सगळ्यात चोख मोजलेला असायचा. आता दवाखाना बंद करून त्या परभणीला भाचीकडे राहतात, सातव्या मजल्यावर. वीज चमकली की देवघरात जाऊन बसतात आणि देव घासते म्हणतात, असं भाचीनं मला सांगितलं. उसणवाले मात्र लिफ्टनं तिथंही पोचले आहेत.

मला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी त्यांच्याकडे कामालाच होते. घरी आनंद झाला. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, वाईट नव्हत्या. मागच्या वेळी त्या माझ्याहून जास्त रडल्या होत्या. पण रडून झाल्यावर त्यांनी तो विषय पुसून टाकला आणि घरात पुन्हा कुणाला काढू दिला नाही. आता त्या गल्लीभर सांगत होत्या, सून पहिलटकरीण हाय. नव्या बाळासाठी जुन्या बाळाला नाहीच म्हणायचं, असा तो सौदा होता आणि मला तो पटत नव्हता. पण घरी तोंड उघडायची माझी छाती होत नव्हती.

बाळंतपणासाठी नाव घालायला त्या माझ्यासोबत दवाखान्यात आल्या. मॅडमनी माझ्याकडे न बघता त्यांनाच विचारलं, सुनेचे दिवस कितव्यांदा? पहिलीच खेप, सासूबाई म्हणाल्या. मॅडमनी त्यांना वजन करून यायला सांगितलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. माझं वजन मला माहीत हाय, म्हणाल्या. त्या काट्याची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती.

मॅडमनी शेंगदाण्यांची मूठ खिशात परत टाकली. "आत्याबाई, हिला आधी एक लेकरू झालंय."

"ते आमी मोजत न्हाई. अशा वक्ताला त्याचं नाव काढू ने."

"तुमी नका मोजू. मला मोजावंच लागतंय. मागचं का गेलं ते बघून ह्याला जपायचंय. पहिलटकरीण म्हणून सोडून दिलं आन उद्या काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

सासूबाईंनी पदर सावरला. मग एकदम उलटा वार केला, तुमचे किती हो दिवस? मी डोळे मिटून घेतले. मॅडम म्हणाल्या, माझे दिवस शून्य आणि बाळंतपणं मोजता येत नाहीत इतकी. सासूबाईंना हसू येत होतं, पण त्या आल्या तशा उठून गेल्या. पुन्हा या दवाखान्याची पायरी चढणार नाही, असं त्यांनी घरी जाहीर केलं. पुढचे सगळे महिने मॅडमनी मला काचेच्या भांड्यासारखं जपलं. रक्त तपास, साखर बघ, सोनोग्राफीला जिंतूरला जा, लेकरू कितीदा हललं ते रोज सांग. घरी मी पहिलटकरीण होते आणि दवाखान्यात दुसऱ्या खेपेची. रोज सकाळी दहाला माझी एक खेप वाढायची आणि संध्याकाळी कमी व्हायची.

नववा महिना लागला. सासूबाईंनी बाळंतिणीच्या लाडवांची तयारी काढली. डिंक, खोबरं, खारीक, अळीव, सगळं साग्रसंगीत. आणि गुळाची ढेप उचलताना त्यांच्या कमरेत उसण भरली.

दोन दिवस त्यांनी दम काढला. शेकून झालं, चोळून झालं, शेजारणीनं लाटणं फिरवून झालं. गावात दुसरा पायाळू माणूस कोण आहे याचीही चौकशी झाली. एक होता, पण तो पुण्याला कामाला गेलेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या खांद्याला धरून, एका अंगाला वाकून, दवाखान्याची पायरी चढल्या. नवव्या महिन्यातली सून आणि वाकलेली सासू, कोण कुणाला आणतंय ते बघणाऱ्याला कळत नव्हतं.

मॅडमनी त्यांना बघितलं आणि चप्पल काढली. मग पुन्हा घातली. "लाथ देते," म्हणाल्या. "आधी तुमची हिस्टरी सांगा. दिवस किती, बाळंतपणं किती."

"कमरेला हिस्टरी कायला पाह्यजे?"

"कमरेला न्हाई. माझ्या पायाला पाह्यजे."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मॅडमही माझ्याकडे बघायला लागल्या. जा, वजन करून ये, मला म्हणाल्या. मी म्हटलं, कालच केलंय. परत कर, नवव्या महिन्यात भराभर वाढतं, असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीमागे दार लावून घेतलं.

मी ओसरीवर काट्यावर उभी राहिले. कालचंच वजन होतं. चप्पल काढून उभी राहिले, पुन्हा घालून उभी राहिले. आतून शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज येत होता. तो बराच वेळ सासूबाईंचाच होता. मग भिंतीवर काहीतरी हलकंच आपटल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. सासूबाई ताठ चालत बाहेर आल्या. डोळे लाल झाले होते. पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "लय जोरात मारली बाई तिनं."

मॅडमची लाथ मी रोज बघत होते. त्या लाथेनं कुणी रडत नाही. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही आणि मॅडमनी आजतागायत सांगितलेलं नाही. घरी जाताना सासूबाई किराणा दुकानात थांबल्या आणि आणखी डिंक घेतला, आणखी खारीक घेतली. घरी भरपूर आहे, मी म्हटलं. पुरत न्हाई, त्या म्हणाल्या.

आठवड्याभरात मी बाळंत झाले. भर दुपार होती. मॅडमचं तोंड सारखं चालू होतं आणि मी कळांच्या मधल्या उसंतीत त्यांच्या जबड्याकडेच बघत होते. एकदाच ते थांबलं. मुलगी बाहेर येऊन रडेपर्यंत, तेवढंच. ती रडली, मग मी रडले, मग शेंगदाणे पुन्हा सुरू झाले. डोक्याकडून आली, मॅडम जरा नाराजीनं म्हणाल्या, पायाळू झाली असती तर माझी गादी चालवली असती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या त्या दोन्ही हातांत डबे घेऊन. सारखेच स्टीलचे डबे. दोन्ही माझ्या खाटेशेजारी मांडले.

"हा ह्या बाळंतपणाचा," त्या म्हणाल्या. दुसऱ्यावर त्यांनी हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. "आन हा मागच्याचा. तुझा राहिला व्हता."

त्यांनी डबा उघडला, एक लाडू माझ्या हातात दिला आणि एक स्वतः घेतला. बाळंतीण नसताना तुम्ही कसा खाता, असं मी विचारणार नव्हतेच, पण त्यांनीच खाली बघत सांगितलं. "माझा बी राहिलाय. तीस-पस्तीस वर्सं झाली. कुणी केलाच न्हाई."

आम्ही दोघी लाडू खात बसलो. डिंक चांगला फुलला होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला तिची मावशी आली होती. ती पाळण्यात डोकावली, लेकराची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली आणि सासूबाईंना म्हणाली, पहिलटकरीण दिसती सून. मॅडम नेमक्या तेव्हा फेरीला दारात आल्या होत्या. सासूबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी तोंडातला घास गिळला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "दिवस दोन. बाळंतपणं दोन." मग जरा थांबून पाळण्याकडे बघून, "हयात एक."

दारात मॅडमचं तोंड थांबलं होतं. "बरोबर," त्या म्हणाल्या, आणि आत येऊन मागच्याच्या डब्यात हात घातला.